ताईतावरचा विंचू, जोडमासे अन् सहा कोनांची चांदणी: कशाचा काय अर्थ?

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा, की मोठीमाय गेल्यावर तिची ट्रंक उघडली, त्यात चांदीचा जुना ताईत निघाला, एका बाजूला विंचू, दुसऱ्या बाजूला जोडमासे, मधात सहा कोनांची चांदणी. संगं लाल-काळ्या गुंजांचा एक सर, चांदीत मढवलेलं वाघनख, अन् ताईताचं झाकण उघडलं तर आत गुंडाळलेला तांब्याचा पत्रा, त्याच्यावर नऊ घरं अन् घरात आकडे. या सगळ्याचा अर्थ काय, अन् पाच महिन्याच्या लेकराच्या गळ्यात घातलं तर चालेल का, असं तुम्ही विचारलं.

घालायचं काय ते आधी सांगतो. गुंजांचा सर लेकराच्या हाताला लागू देऊ नका. वाघनख कोणाच्याच गळ्यात नको. बाकीचं सावकाश वाचा.

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका बाजाराच्या गावात सोनारकाम करतो, बापजाद्याचा धंदा. वडील टाक, ताईत, लेकरांचे करदोडे, नागपंचमीचे चांदीचे नाग सगळं ठशावर ठोकायचे, ते ठसे माझ्याकडं आहेत अन् काही अजून चालतात. त्यामुळं मी सांगतो ते गिऱ्हाइकाच्या तोंडून ऐकलेलं जास्त अन् वाचलेलं त्याच्या मागून आलेलं. मोबाईलवर ते तक्ते फिरतात ना, मासा म्हणजे समृद्धी, घुबड म्हणजे ज्ञान, कासव म्हणजे दीर्घायुष्य, ते तक्ते मला पटत नाहीत. आमच्या दुकानात कोणी बाई येऊन "समृद्धीचं चिन्ह द्या" असं म्हणत नाही. ती म्हणते "भाऊ, पोट्टं रातच्याला दचकते", नाहीतर "हिले तिसऱ्यांदा दिवस गेले, यावेळी टिकलं पायजे". ती काम सांगते, अन् सोनार त्या कामाचा ठसा काढतो. म्हणून ताईतावरचं चित्र वाचायचं असलं तर ते कोणाच्या अंगावर होतं, कुठं बांधलं होतं, कशाच्या जोडीला होतं, हे आधी पाहावं लागते. कामं तशी मोजकीच असतात. वाईट नजर दुसरीकडं वळवायची, नाहीतर तिला डसून पळवायचं, नाहीतर कुठंतरी कोंडून ठेवायचं. अन् चौथं काम म्हणजे वाढवणं, म्हणजे लेकरू, दूध, धान्य, ढोरं. एकच प्राणी दोन कामं करतो, अन् तिथंच तक्तेवाले फसतात.

विंचवाचं काम डसायचं. ज्याची भीती त्याचंच चित्र अंगावर, म्हणजे त्याच्या जातीचं दुसरं काही जवळ येत नाही, हा हिशोब फार जुना अन् फार ठिकाणचा आहे. जुन्या मिसरमधे, म्हणजे इजिप्तमधे, सर्केत नावाची देवी होती, तिच्या डोक्यावर विंचू. तिथंच लहान होरस देवाच्या मुठीत साप-विंचू धरलेल्या दगडी पाट्या असायच्या, त्या पाटीवरून पाणी ओतायचं अन् चावलेल्या माणसाला ते पाणी पाजायचं. आपल्याकडंही ताईत बुडवलेलं पाणी पाजणारे आहेतच, मधात एवढा मोठा समुद्र असून कल्पना तीच. आमच्याइकडे विंचू ताईतापेक्षा गोंदणात जास्त दिसतो, जुन्या बायांच्या हातावर, पोटरीवर. त्यात एक गंमत अशी की गोंदणातला विंचू सगळ्या बाया विषाच्या भीतीनं काढत नव्हत्या, काहींसाठी तो नवरा-बायकोतल्या ओढीचा होता, अन् त्याबद्दल विचारलं की म्हाताऱ्या अजून हसतात अन् पदर तोंडाला लावतात. म्हणजे विंचू लेकराच्या ताईतावर असला तर पहारेकरी, अन् तरण्या बाईच्या हातावर असला तर भलताच. तुमच्या मोठीमायचा ताईत लहान आहे, कडी बारीक आहे असं तुम्ही लिहिलं, त्यावरून तो लेकरासाठीच घडवला असावा, तवा विंचू इथं पहाऱ्याला आहे असं धरा.

विंचवाच्या निमित्तानं एक सांगूनच टाकतो, कारण आमच्या भागात सोयाबीनच्या गंजीखाली, कुडाच्या भिंतीत, जळतणात विंचू निघतोच. विंचू उतरवणारा बोलवण्यात जो वेळ जातो तो जीवावर येतो, खास करून लाल विंचू अन् लहान लेकरू असलं तर. महाडचे डॉक्टर हिंमतराव बावस्कर यांनी लाल विंचवाच्या दंशावर प्राझोसिन नावाची गोळी वापरून दाखवली, त्यानं मरणारे लोक वाचायला लागले, पुढं २०२२ मधे त्यांना पद्मश्री मिळाली. अन् आपल्या राज्यात २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा आहे, त्यात साप, विंचू, कुत्रा चावलेल्या माणसाला दवाखान्यात जाण्यापासून रोखून मंत्रतंत्र, गंडेदोरे करणं हा गुन्हाच आहे, सहा महिन्यापासून सात वर्षापर्यंत कैद अन् पाच हजारापासून पन्नास हजारापर्यंत दंड. गळ्यात ताईत असू द्या, पण गाडी आधी प्राथमिक आरोग्य केंद्राकडं वळवा.

आता मासे. मासा डोळा मिटत नाही, पापणीच नाही त्याला. ज्याचा डोळा कधीच झाकत नाही त्याला नजर लागत नाही अन् तो झोपलेल्या लेकरावर लक्ष ठेवतो, हे एक काम. दुसरं म्हणजे अंडी, एका माशाच्या पोटात एवढी अंडी की मोजता येत नाहीत, म्हणून लेकराबाळांची वाढ. एकटा मासा सहसा पहिल्या कामाला अन् जोडमासे दुसऱ्या कामाला, असं माझे वडील सांगायचे, पण हा काही देशभराचा नियम नव्हे. लखनौच्या नवाबांच्या निशाणीवर जोडमासेच आहेत, अन् तिथं त्याचा लेकराबाळांशी काही संबंध नाही, ते राज्याच्या मानाचं चिन्ह. मोठीमायनं, नाहीतर तिच्या सासूनं, हा ताईत पहिल्या बाळंतपणानंतर केला असेल तर एका बाजूला हे जगलं पाहिजे अन् दुसऱ्या बाजूला अजून होऊ द्या, असं दोन्ही एकाच पेटीत बसवलेलं आहे. गरिबाच्या घरी दोन ताईत कोण करतं, एकालाच दोन्हीकडून ठोकून घ्यायचे.

डोळ्यावरून कासव आठवलं, तुमच्या ट्रंकेत नाही पण सांगतो, कारण मला सगळ्यात आवडणारा अर्थ तोच आहे. नजर म्हटलं की आपल्याला वाईटच सुचते, पण जुन्या लोकांत अशी समजूत होती की कासवी पिल्लांना दूध पाजत नाही, दुरून नुसतं पाहते अन् त्या पाहण्यानं पिल्लं वाढतात. संतांनी ही उपमा अभंगात कितीतरी वेळा वापरली. खऱ्या कासवीला पिल्लांची काही पडलेली नसते, अंडी मातीत पुरून ती निघून जाते, ते सोडा. सांगायचं हे की डोळा मारतो तसा डोळा वाढवतोही, अन् महादेवाच्या देवळात नंदीच्या पुढं फरशीवर कासव कोरलेलं असते त्याचा अर्थ पुजारी सांगतील इंद्रियं आवरायचा, पण माझी आजी त्याच्यावर हात ठेवून हात लेकराच्या डोक्यावरून फिरवायची, तिच्यासाठी ती वाढवणारी नजर होती. दोन्ही अर्थ एकाच दगडात सुखानं राहतात.

सहा कोनांची चांदणी म्हणजे दोन त्रिकोण, एक टोक वर, एक टोक खाली. पूजापाठवाले त्याला शिव-शक्ती म्हणतात, मुसलमान गिऱ्हाईक सुलेमानी मोहर म्हणते, इस्रायलच्या झेंड्यावरही तीच. तुमच्या मोठीमायला हे काही ठाऊक असण्याची गरज नव्हती. आकृतीचं काम तिच्या रेघेत आहे. रेघ एकमेकीला ओलांडते अन् परत तिथंच येते, सुरुवात कुठं अन् शेवट कुठं ते सापडत नाही, जे आत शिरलं ते फिरतच राहते. हे कोंडण्याचं काम. दारापुढच्या ठिपक्यांच्या रांगोळीत न तुटणारी रेघ असते तीही तेच करते, अन् गंड्याच्या दोऱ्याला मारलेल्या गाठी पण. गोंडांच्या गावात भुमक, म्हणजे गावचा पुजारी, वाईट आत येऊ नये म्हणून शिवेवर गाव बांधतो तेव्हा तर अख्ख्या गावालाच गाठ मारलेली असते.

उलट साधा त्रिकोण मात्र कोंडण्यापेक्षा कमी करण्याकडं जातो असं मला वाटते. तिसऱ्या शतकाच्या आसपास रोममधे सेरेनस सॅमोनिकस नावाच्या वैद्यानं तापावर उपाय लिहून ठेवला, अब्राकाडाब्रा हा शब्द कागदावर लिहायचा, खालच्या ओळीत एक अक्षर कमी, त्याच्या खाली अजून एक कमी, शेवटी एकच अक्षर उरते, मग तो कागद गळ्यात बांधायचा. शब्द जसा झिजतो तसा ताप झिजावा. जादूगार टाळ्या घेण्यासाठी म्हणतात तो शब्द मुळात तापाचा ताईत होता. आपल्याकडं कापडात शिवलेले तिकोनी ताविज दर्ग्याबाहेर मिळतात, तुर्कस्तानातही ताविज तिकोनीच शिवतात.

तुमच्या तांब्याच्या पत्र्याकडं येतो. नऊ घरं आहेत म्हणजे बहुतेक पंधराचं यंत्र आहे. वरच्या ओळीत ८, १, ६, मधल्या ओळीत ३, ५, ७, खालच्या ओळीत ४, ९, २ असं काही आहे का पाहा, नाहीतर हेच उलटसुलट फिरवलेलं असेल. आडवी बेरीज करा, उभी करा, कोपऱ्यातून कोपऱ्यात करा, सगळीकडून १५ येते. मधलं घर ५ चंच असते, दुसरा आकडा तिथं बसतच नाही, म्हणून पत्रा झिजला असला तरी मधलं घर पाहून ओळखता येते. बेरीज ७२ आली तर ते कुबेराचं यंत्र, त्यात मधात २४ असते, ते लेकराचं नाही, तिजोरीचं. सोळा घरांचं असतं तर ३४ वालं, खजुराहोच्या पार्श्वनाथ जैन मंदिरात दारापाशी तेच कोरलेलं आहे. पंधराच्या यंत्राची चीनमधली गोष्ट अशी की नदीतून एक कासव निघालं अन् त्याच्या पाठीवर हे नऊ घरांचे ठिपके होते. कासव इथंही येऊन बसलं बघा.

आता हे गणिताचं कोडं ताईतात का? जुन्या काळापासून अरबी लोकांत अन् आपल्याकडंही हे नऊ घरांचं यंत्र अडलेल्या बाळंतिणीसाठी वापरायचे, दाखवायचे, नाहीतर अंगावर बांधायचे. चक्रव्यूहाची आकृतीही याच कामाला, ताटलीवर काढून बाईला दाखवायची, वाट आत जाते तशी बाहेरही येते, लेकराला वाट सापडू दे. यंत्रात तर कुठूनही गेलं तरी हिशोब जुळतो, अडकायला जागा नाही. म्हणून माझा अंदाज असा की हा पत्रा मुळात लेकराचा नव्हे, लेकराच्या आईचा, बाळंतपणाच्या वेळचा, अन् मग तोच गुंडाळून लेकराच्या पेटीत टाकला. पत्र्याच्या कडा हातानं कापलेल्या असतील अन् तो ताईताच्या मापाला नीट बसत नसेल तर माझा अंदाज पक्का समजा.

गुंजांबद्दल सोनाराला विचारलं हे बरं केलं. लाल अन् टोकाला काळा ठिपका, म्हणजे डोळाच तो, वाईट डोळ्यापुढं शंभर डोळे उघडे ठेवायचे. अन् आमच्या धंद्यात गुंज म्हणजे वजन, आठ गुंजांचा मासा, बारा माशांचा तोळा. दाणे वजनाला जवळपास सारखे असतात, म्हणून तराजूत चालले. १९५६ च्या कायद्यानंतर ग्रॅम आले, तरी म्हातारे गिऱ्हाईक अजून गुंजभर सोनं मागतात. पण या दाण्यात ॲब्रिन नावाचं भयंकर विष आहे. साबूत दाणा गिळला तर वरचं कवच टणक असल्यानं पुष्कळदा तसाच बाहेर पडतो, पण चावला, फुटला किंवा भोक पाडलेला असला तर विष पोटात उतरते, अन् लक्षणं लगेच दिसत नाहीत, काही तासांनी किंवा दुसऱ्या दिवशी उलट्या-हगवण सुरू होते, तोवर आपण भलतीकडंच शोधत बसतो. तुमच्या सरातला प्रत्येक दाणा भोक पाडूनच ओवलेला आहे. पाच महिन्याचं लेकरू जे हातात येईल ते तोंडात घालते. मोठीमायची आठवण म्हणून काचेच्या बरणीत वर ठेवून द्या, बरणीवर लिहून ठेवा.

वाघनखाला चांदीत मढवायची रीत आमच्याकडं फार होती, कारण जंगल अन् वावर एकाला एक लागून. वाघ भीत नाही तर लेकरू भिऊ नये एवढाच सरळ अर्थ. पण वाघ इथं नुसतं शौर्याचं चिन्ह नाही, तो शिवेवरचा देव आहे. चंद्रपूरकडं वाघोबाची ठाणी आहेत, दगडाला शेंदूर लावलेला, लाकडाचा वाघ. ताडोबाचं तर नावच त्याच्यावरून, तारू नावाचा गोंडांचा प्रमुख वाघाशी लढताना मेला अन् त्याचं ठाणं तलावाच्या काठी झालं, अशी कथा. मारणारा अन् मेलेला दोघंही राखणदार झाले. नखाचा आकार पण पाहा, चंद्रकोरीसारखा, शिंगासारखा. लेकराच्या गळ्यातला चांदीचा चंद्र, इटलीत नेपल्सकडं घालतात ते लाल शिंग, दाराला ठोकलेली नाल, सगळे वाकडे अन् टोकदार. डोळ्याला टोक दाखवायचं.

पण आजच्या घडीला १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली वाघनख बाळगणं, विकणं, भेट देणं गुन्हा आहे, वाघ पहिल्या अनुसूचीत, कमीत कमी तीन वर्षं कैद, सात वर्षापर्यंत जाते, अन् दंड वेगळा. आजीचं होतं, वारशानं आलं, हे कारण मालकीचा दाखला असल्याशिवाय चालत नाही. बाजारात मिळणारी पुष्कळशी नखं ढोरांच्या शिंगाची घासून केलेली असतात, अन् लोक जाळून पाहतात की केस जळल्याचा वास आला म्हणजे खरं. त्या परीक्षेला काही अर्थ नाही, शिंग, खूर, नख, केस सगळं एकाच मालाचं, वास सारखाच येणार. खरं-खोटं प्रयोगशाळेतच ठरते. तुम्ही त्याचा फोटो कुठं टाकू नका, सोनाराकडं मढवणी काढायलाही नेऊ नका, ओळखीच्या वकिलाला विचारून जवळच्या वनपरिक्षेत्र कार्यालयात लेखी देऊन जमा करा. लेकराला हवंच तर चांदीचं वाघनख घडवून मिळते, आम्ही तेच देतो.

हे प्राण्यांचं प्रकरण निघालंच तर अजून दोन-चार गोष्टी सांगतो, कारण आमच्या भागात यापायी माणसं अन् जनावरं दोन्ही मरतात. हत्थाजोडी नावाची वस्तू मेळ्यात, ऑनलाईन, पूजेच्या दुकानात मिळते, दोन जोडलेले हात दिसतात, शेंदूर लावून चांदीच्या डबीत देतात अन् सांगतात की दुर्मिळ झाडाचं मूळ आहे. ते मूळबीळ काही नाही, नर घोरपडीचं वाळवलेलं लिंग आहे ते, २०१७ मधे तपासण्या होऊन हे जगजाहीर झालं. हात जोडल्यासारखा आकार दिसला की माणसाचं डोकं चालणं बंद होते. मांडूळ, ज्याला दुतोंडी म्हणतात, तो बिचारा गरीब साप, शेपटी बोथट म्हणून दोन तोंडं वाटतात, त्याच्या नावावर गुप्तधनाचे सौदे चालतात. वीसनखी कासवाच्या नावावर पैशाचा पाऊस पाडणारे फिरतात. दिवाळीच्या आसपास घुबडं मारतात, अन् आपल्या मेळघाटात तर वनपिंगळा राहतो, जो जगातूनच संपला असं समजत होते अन् १९९७ मधे शहाद्याकडं परत सापडला, त्याला कोणी अमावस्येच्या पूजेला धरलं तर काय म्हणायचं. जुन्या ताईतात प्राण्याचं चित्र पुरत होतं. चित्रावरून अवयवावर गेलेला हा धंदा मला आजीच्या काळचा वाटत नाही, तो बाजाराचा आहे.

झाडांमधे आमच्याकडं बिब्ब्याला पहिला मान. लिंबू-मिरचीच्या माळेत कोळशासंगं बिब्बा ओवतात, पाळण्याला बांधतात. त्याचं तेल काळं अन् अंगाला लागलं की फोड येतात, वाशीम भागात बिबे फोडून गोडंबी काढणाऱ्या बायांचे हात पाहा म्हणजे कळेल. धोबी त्याच तेलानं कपड्यावर खुणा करायचे, धुतली तरी जात नाही अशी खूण. तवा बिब्बा डसतोही अन् खूण करून ओळखूही देतो. लिंबू-मिरचीचं काम वेगळं, लक्ष्मीची थोरली बहीण अलक्ष्मी, तिला आंबट-तिखट आवडते, दारातच खाऊन ती तिथूनच परत जाते. म्हणजे ही माळ हाकलत नाही, पाहुणचार करून वाटेला लावते, अन् ही कल्पना मला वैदर्भीय माणसाच्या स्वभावाला शोभणारी वाटते. व्हॉट्सॲपवर येते की लिंबातलं क जीवनसत्त्व दोऱ्यातून हवेत जाऊन किडे मारते, ते सोडून द्या, श्रद्धेला विज्ञानाचं जाकीट घालायची काही गरज नाही.

वेखंड बाळाच्या मनगटाला बांधतात, त्याच्या उग्र वासानं बाळाभोवती एक रिंगण होते. कडुलिंबाचा टहाळा बाळंतिणीच्या दाराला, कडूपणा हेच त्याचं काम. सागरगोट्याचा दाणा कवचात खुळखुळतो, पोटात गर्भ जपल्यासारखा, म्हणून दिवस गेलेल्या बाईच्या गळ्यात. रुईचं मूळ मारुती-गणपतीकडं जाते, त्यात मला फार सांगता येण्यासारखं नाही. पळस मात्र आपला. पोळ्याच्या दिवशी भंडारा-चंद्रपूरकडं दारापुढं पळसाच्या डहाळ्या, मेढे ठेवतात अन् दुसऱ्या दिवशी पहाटे शिवेबाहेर नेऊन टाकतात, "इडा पिडा, खासी खोकला घेऊन जाय गे मारबत" असं ओरडत. नागपुरात काळी अन् पिवळी मारबत, म्हणजे वाईट घेऊन जाणारा मोठा पुतळा, मिरवणुकीनं निघते, काळी १८८१ पासून असं सांगतात. पळस इथं वाहक आहे, घरातलं वाईट उचलून नेणारा, म्हणून तो फेकायचाच असतो, जपून ठेवलेला मेढा कामाचा नाही. पोळ्याला बैलाच्या अंगावर गेरूचे ठसे मारतात ते उलट, ते राहू द्यायचे, पावसानं धुऊन गेले तर गेले. हाताच्या पंज्याचा ठसाही असाच, बैलावर, गोठ्याच्या भिंतीवर, मोहरमच्या सवारीवर पंजा असतोच, अरबी देशात बायांच्या गळ्यात पंजा अन् त्याच्या तळव्यात डोळा. थांब म्हणून पुढं केलेला हात सगळ्या मुलखात सारखाच.

एक सावधगिरी. प्रत्येक प्राणी-झाडाच्या चित्राला ताईत समजू नका. गोंडांमधे कुळाकुळाचं झाड-जनावर असते, टेकाम कुळाचा साग, मरकाम कुळाचा आंबा, ते त्या झाडाला तोडत नाहीत. ते नातं आहे, तोडगा नव्हे. तुमचं घर कोणतं मला ठाऊक नाही, पण मोठीमायच्या माहेरी असं काही होतं का ते एखाद्या म्हाताऱ्या माणसाला विचारा, माशाचा अर्थ कदाचित तिथंच निघेल. तसंच नागाचं. तुमच्या ट्रंकेत नागाचा चांदीचा तुकडा निघाला असता तर मी त्याला आधी ताईत म्हटलंच नसतं, कारण आपल्या भागातून श्रावणात पचमढीच्या नागद्वारला जाणारे लोक कितीतरी, अन् लेकरासाठी नवस बोलून चांदीचा नाग वाहतात, तो अंगावर घालायचा नसतोच.

आता घालायचं कसं. पाच महिन्याच्या लेकराच्या गळ्यात कोणताच दोरा नको, ताईताचा नको अन् देवाचाही नको, पाळण्याच्या कठड्यात अडकला तर फास बसतो. हौस असली तर करदोड्याला कमरेवर बांधा, सैल, दोन बोटं आत गेली पाहिजेत, अन् लेकरू भराभर वाढते म्हणून दर काही दिवसांनी माप पाहा. झोपताना काढून ठेवला तर अजून चांगलं. ताईताच्या कडा बोटानं चाचपून पाहा, जुन्या पेटीचं झाकण उचकटलं की धार निघते, सोनाराकडून घासून घ्या. चांदी रिठ्याच्या पाण्यानं मऊ ब्रशनं धुवा, चिंच लावून खसाखसा घासू नका, ठसा आधीच झिजलेला असेल तर विंचवाची नांगीच निघून जायची. तांब्याचा पत्रा अजिबात घासू नका, मऊ कापडानं पुसा, आकड्यांचा फोटो काढून ठेवा अन् पत्रा कोरड्या कागदात वेगळा ठेवा, लेकराच्या घामानं तो हिरवा पडतो अन् ते हिरवं चाटणं बरं नाही. रिकाम्या पेटीत वेखंडाचा लहान तुकडा टाकता येतो, आमच्याकडं बऱ्याच बाया तेच करतात. झाकण परत बसवताना सोनाराला सांगा की लाखेनं बसव, डाक, म्हणजे धातूची झाळ, लावू नको, म्हणजे पुढं कोणाला उघडायचं झालं तर नुसतं शेकून उघडते अन् पत्रा फाटत नाही.